सोफ्यावरचं प्लॅस्टिक आणि गुरुवारची प्रार्थना

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, सलाम. नाव छापू नका. मी जळगावला राहते, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, माहेर नवापूर तालुक्यातलं. मिस्टर प्रायव्हेट कंपनीत आहेत. आम्ही दोघंही लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेले. बारा वर्षं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात काढली, घर मिळावं म्हणून उपास-प्रार्थना केल्या आणि देवाने दिलं, दोन वर्षांपूर्वी पिंप्राळ्याकडे रो हाऊस घेतलं, मागच्या वर्षी गाडी आली, थोडं सोनं पण झालं. घराच्या समर्पणाच्या प्रार्थनेला पास्टर आले, सगळी मंडळी आली, देवाने काय केलं याची मी साक्ष दिली. पण खरं सांगू का, पहिले चार-सहा महिने सोडले तर मनाला काहीच वाटत नाही. भाड्याच्या घरात दर गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना असायची, सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसायची, ते आठवून रडू येतं. इकडे अजून ठेवली नाही, सोफा पांढरा आहे, त्याचं प्लॅस्टिक पण अजून काढलेलं नाही, टाइल्सवर डाग पडला की निघत नाही. मिस्टर हप्त्यांसाठी रविवारी पण काम घेतात. आता जावेने मोठी गाडी घेतली तर आमच्या घरात तोच विषय. माझ्या वडिलांचं एक छोटं पोल्ट्री शेड होतं, २००६ च्या बर्ड फ्लूत सगळ्या कोंबड्या गेल्या, तरी थोड्याच दिवसांनी ते चर्चमध्ये पेटी वाजवायला बसले होते. त्यांच्याकडे काही नव्हतं आणि आनंद होता, माझ्याकडे सगळं आहे आणि तोच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? कधी कधी वाटतं घर विकून टाकावं. आणि ताई, मुलगी दहावीला आहे, आयफोन मागते, द्यायचा का?"

बाई, सलाम.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. घर घेतलं यात तुमचं काही चुकलेलं नाही. बारा वर्षं भाडं भरलं, ॲग्रीमेंट संपत आलं की मालक आता काय म्हणतो ही धाकधूक काढली, दोघांच्या पगारातून पैसा पैसा जमवला आणि आता स्वतःच्या छपराखाली झोपता तर त्यात पाप कसलं आलंय. आपल्यात काही माणसं अशी असतात की दुसऱ्याने जरा बरं घर बांधलं की त्यांना लगेच श्रीमंतांबद्दलचं सुईचं नाक आणि उंटाचं वचन आठवतं, स्वतःच्या प्लॉटच्या कागदांसाठी तहसीलला चकरा मारताना मात्र तो उंट कुठे जातो कुणास ठाऊक. बायबलात प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढा. पैशाच्या लोभाचं वचन सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच अध्यायात थोडं खाली पौल म्हणतो की श्रीमंतांना सांग, गर्व करू नका, पैशाचा काही भरवसा नाही, त्याच्यावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा, तो आपल्याला उपभोगायला सगळं भरपूर देतो. उपभोगायला देतो असं लिहिलंय हो. आता तुम्हीच सांगा, तो सोफा तुम्ही उपभोगताय का? तुम्ही त्याची राखण करताय.

तुमचा प्रश्न विश्वासाचा आहे, त्याच्यावर येतेच, पण पत्र वाचताना मी अडकले ती त्या गुरुवारच्या प्रार्थनेवर. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय, मध्येच कुठेतरी, प्लॅस्टिक आणि टाइल्सच्या जोडीला, आणि पुढे लगेच मिस्टरांच्या हप्त्यांवर गेलात. मला मात्र वाटतं पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

घर विकायचं म्हणता ना, तर शुभवर्तमानात पैसेवाली माणसं दोन भेटतात, तीही जवळजवळ, लूकच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायात. एक तो श्रीमंत अधिकारी, सगळ्या आज्ञा पाळणारा, त्याला येशू म्हणाला सगळं विकून गरिबांना वाटून टाक आणि माझ्यामागे ये, आणि तो खिन्न झाला. दुसरा जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला, म्हणजे हिशोबाने बघितलं तर याला आधी विकायला लावायला पाहिजे होतं. त्याला येशू काय म्हणाला? झाडावरून लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. घर विकायची गोष्टच नाही, घरी येतो म्हणाला. आणि जक्कयने आनंदाने त्याचं स्वागत केलं असं तिथे लिहिलंय, आधी आनंद झाला, आधी दार उघडलं, मग उभा राहून म्हणाला माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. कुणी मागितलं नव्हतं त्याच्याकडे. येशूबरोबर त्या दिवशी यरीहोच्या रस्त्यावरची किती माणसं धुळीच्या पायांनी त्या घरात शिरली असतील, जक्कयने पायपुसणं शोधलं असेल असं काही मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मते तुम्हाला सांगायची गोष्ट घर विका ही नाहीच, घर उघडा ही आहे. तुम्ही देवाकडे घर मागितलं, त्याने दिलं, तुम्ही समर्पण केलं, म्हणजे काय केलं? पास्टरांनी प्रत्येक खोलीत प्रार्थना केली, पुलाव झाला, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते घर तुमचं आणि तुमच्या सोफ्याचं. मी टोमणा मारत नाहीये बाई, बहुतेकांकडे असंच होतं, माझ्या भुसावळच्या घरातसुद्धा चांगले कप पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात असतात आणि आम्ही दांडा तुटलेल्यात चहा पितो.

आता जुन्या घराबद्दल. तिथे आनंद होता तो गरिबीमुळे होता असं मनात धरू नका. नळाला पाणी येईल तेव्हा मध्यरात्री उठून ड्रम भरण्यात कुठला आनंद असतो, मे महिन्यात पत्र्याखाली पंख्याची गरम हवा खात झोपण्यात तर अजिबात नसतो आणि जळगावचा मे तुम्हाला मी सांगायला नको. पण गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं तुमच्या सतरंजीवर येऊन बसायची. कुणाच्या पोराची भरती अडकलेली, कुणाचा नवरा पिऊन यायचा, कुणाची आई डायलिसिसवर, आणि तुम्ही सगळे मिळून एकमेकांची ओझी देवासमोर ठेवायचे, ढोलकी नसली तर डब्यावर ठेका धरायचे, मग स्टीलच्या ग्लासात चहा. तुम्ही त्या घरातून सामान सगळं आणलं, गॅसची शेगडी आणली, कपाट आणलं, फक्त गुरुवार तिकडेच राहिला. आणि ती माणसं काय समजत असतील याचा विचार केलाय का? ती म्हणत असतील की बाईंनी बंगला घेतला, आता आपण कशाला जायचं, आपल्या पायांनी त्यांची फरशी खराब व्हायची. कुणी तोंडावर म्हणणार नाही, पण बघा, तुम्ही बोलावलं नाही आणि ते पण आले नाहीत, दोन वर्षं झाली.

मग गुरुवारची प्रार्थना परत सुरू केली की आनंद परत आला, इतकं सोपं आहे का? नाही. तसं असतं तर आपले सगळे पास्टर दिवसभर आनंदात असते, आणि तुम्ही मंडळीत वाढलेल्या आहात, तुम्हाला माहितीये ते कसे थकलेले असतात ते. येशूने सत्तर शिष्यांना गावोगाव पाठवलं होतं, ते आनंदाने परत आले, म्हणाले प्रभू, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हाला वश होतात. एवढी मोठी सेवा झाली, तर येशू म्हणतो याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना. लूकचा दहावा अध्याय. म्हणजे बघा, गाडी-बंगल्याचं सोडाच, चांगल्या कामाच्या यशावर पण त्याने आनंद टेकवू दिला नाही. कारण यश उद्या नसतं, तब्येत नसते, माणसं बदलतात. त्याने आनंद टेकवला तो अशा जागी, जिथे तुमचं कर्तृत्व नाही, तुमचा पगार नाही, तुमची साक्ष पण नाही, फक्त देवाने तुम्हाला ख्रिस्तामध्ये आपलं म्हटलंय एवढंच आहे. त्याच्यावर कुठल्या बँकेचा बोजा चढत नाही. आणि वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री तो शिष्यांना सांगतो की आता तुम्हाला दुःख आहे पण मी तुम्हाला पुन्हा भेटेन आणि मग तुमचा आनंद कुणी तुमच्यापासून काढून घेणार नाही. हे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खिळे ठोकणार होते, चांगले दिवस बघून बोललेलं ते वाक्य नाही.

तुम्ही म्हणाल हे सगळं मला माहितीये, संडे स्कूलपासून ऐकतेय. माहिती आहेच. पण मध्ये बारा वर्षं तुमची रोजची प्रार्थना काय होती? घर. उपास कशासाठी? घर. प्रार्थना मंडळाला विषय काय दिला? घर. देवाशी एवढं बोलणं झालं ते सगळं एका मागणीवरून, आणि मागणी पुरी झाल्यावर एकदम बोलायलाच काही राहिलं नाही. आता पोकळी वाटते ती तिथे आहे असं मला वाटतं. विश्वास कमी पडला असं मी म्हणणार नाही, त्याचं तोंड एका वस्तूकडे झालं होतं आणि ती वस्तू मिळाली. यात तुमच्या एकटीचा दोष नाही, आपल्या सभांचा पण आहे, हे मी जरा स्पष्टच लिहिते, कुणाला राग आला तर येऊ द्या. साक्षीची वेळ झाली की कोण उठतं? ज्याला नोकरी लागली तो, ज्याचा प्लॉट झाला ती, ज्याच्या पोराला परदेशी ॲडमिशन मिळाली ते. ज्याची केळी सीएमव्ही व्हायरसच्या रोगाने उपटून फेकावी लागली, ज्याचा कापूस भिजला, ज्याचा मुलगा प्रार्थना करून पण वाचला नाही, तो मागच्या बाकावर खाली मान घालून बसतो, जणू त्याच्याकडे साक्ष नाहीच. आणि वर कुणीतरी बाहेरून येऊन सांगून जातो की दशांश द्या, देव दुप्पट करेल. असल्या शिकवणीत वाढलेल्या माणसाला गाडी आली म्हणजे आशीर्वाद आला आणि हप्ता थकला म्हणजे देव रुसला, एवढंच कळतं. मग गाडी येऊन पण आनंद वाटला नाही की तो म्हणणारच, माझा विश्वास कमी पडतोय का.

फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाचा, चारच अध्याय आहेत, भाजी शिजेपर्यंत होतात. पौल बेड्यांमध्ये आहे, सुटेल की मरेल हे ठरलेलं नाही, आणि पानोपानी आनंद करा म्हणतो. शेवटी लिहितो की मी ज्या स्थितीत आहे तिच्यात समाधानी राहायला शिकलोय, उपाशी राहायला पण आणि पोटभर असायला पण. पोटभर असायला पण शिकावं लागतं, याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टंचाईत कसं राहायचं ते तुमच्या घराण्याला माहीत होतं, भरलेल्या घरात कसं राहायचं हे तुम्हाला कुणी शिकवलेलंच नाही, तुमची पहिलीच पिढी आहे. आणि हे फिलिप्पैवाले कोण तर मासेदोनियातले, त्यांच्या मंडळ्यांबद्दल पौल दुसरीकडे लिहितो की भयंकर गरिबीतसुद्धा त्यांच्या आनंदातून एवढी उदारता आली की त्यांनी ऐपतीपलीकडे दिलं, आम्हालाही या कामात वाटा द्या म्हणून त्याच्याच विनवण्या केल्या.

तुमच्याकडचा मोठ्या गाडीचा विषय पण यातच आला. यावल-रावेरकडे बघा, आधी विहिरीचं पाणी केळीला पुरायचं, मग बोअर केली, मग ती आटली म्हणून शेजारी आणखी खोल केली, आता सगळ्यांच्याच बोअर खोल आणि पाणी त्याच्याही खाली. जावेने गाडी घेतली म्हणून तुम्ही घेणार, मग ती काहीतरी घेईल. जळगावात तर सराफ बाजारातून नुसतं चालत गेलं तरी आपल्या गळ्यातलं आपल्याला कमी वाटायला लागतं, आता तोळा लाखाच्या वर गेला तरी गर्दी हटत नाही. आमच्या शेजारच्या आजी म्हणायच्या, "पैसा शे पन झोप नही." त्यांचा मुलगा व्यापारी होता, त्या अनुभवाने बोलायच्या.

आता तुमच्या वडिलांबद्दल. हे मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुम्ही त्यांचा फोटो करून भिंतीवर टांगलाय. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला जे झालं ते मला चांगलं आठवतं, देशात पक्ष्यांमध्ये पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो तिथेच. पांढरे सूट घातलेली माणसं आली, पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून जेसीबीच्या खड्ड्यात पुरल्या, आणि ज्यांच्या अंगणात चार गावठी कोंबड्या होत्या त्यांच्याही गेल्या, म्हाताऱ्या बाया कोंबड्या लपवून ठेवायच्या. मार्चमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात पण आला. अंडी कुणी फुकट घेईना. ज्याने कर्ज काढून शेड उभं केलं होतं त्याच्या घरात तेव्हा काय झालं असेल? तुमचे वडील थोड्या दिवसांनी पेटीवर बसलेले तुम्हाला आठवतात, पण त्याच्या आधीच्या रात्री ते झोपले होते का, जेवले होते का, आईशी काय बोलले, तुम्ही तेव्हा शिकायला होस्टेलला असाल, तुम्हाला माहीत आहे का? त्यांना फोन करा आणि विचारा. "बाबा, तेव्हा तुम्हाला आनंद होता का खरंच?" असं सरळ विचारा. मला वाटतं ते हसतील आणि म्हणतील कसला आनंद, रडत होतो. आणि मग कदाचित सांगतील की मंडळीतल्या कुणी तांदूळ आणून दिले, कुणी देणं पुढे ढकललं, आणि पेटी वाजवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून गेलो. काय सांगतील ते मला माहीत नाही, पण खरं काय ते तुम्ही ऐका. नुसत्या आठवणीतल्या हसऱ्या वडिलांशी स्वतःची तुलना करून तुम्ही उगाच हरताय.

हबक्कूक म्हणून एक छोटं पुस्तक आहे जुन्या करारात, आपण फारसं उघडत नाही. त्याच्या शेवटी तो म्हणतो अंजिराला फूल आलं नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात धान्य पिकलं नाही, मेंढवाड्यातली मेंढरं गेली, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. नवापूरच्या रिकाम्या शेडमध्ये उभं राहून हे वाचावं. पण त्याच्या थोडं वर तोच हबक्कूक म्हणतो माझं काळीज थरथरलं, माझे ओठ कापले, माझी हाडं कुजायला लागली. दोन्ही एकाच माणसाचं, एकाच गीतात. ख्रिस्ती आनंद म्हणजे चोवीस तास हसरा चेहरा असं ज्याने तुम्हाला शिकवलं त्याने ही पानं सोडून दिली असणार. येशू त्याचा मित्र लाजर, त्याच्या कबरेपाशी रडलाय. स्तोत्रकर्ता स्वतःलाच विचारतो, हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?

आणि इथे एक गोष्ट, कृपा करून हलक्यात घेऊ नका. "मनाला काहीच वाटत नाही" हे तुम्ही लिहिलंय आणि रडू येतं पण लिहिलंय. झोप लागत नसेल किंवा नुसतं झोपूनच राहावंसं वाटत असेल, जेवण जात नसेल, शाळेत पोरांवर विनाकारण चिडत असाल आणि हे दोन आठवड्यांच्या वर रोज चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस म्हणून फोन सेवा आहे, १४४१६ नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डिप्रेशन हा आजार आहे, शुगरसारखाच, त्याला गोळी लागली तर घ्यायची, विश्वासाचा त्यात कमीपणा नाही. आपल्या नवापूरकडच्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल कशासाठी उभं राहिलं, औषध घेणं म्हणजे अविश्वास म्हणणाऱ्यांनी ते बांधलं नव्हतं.

घर विकायचा विचार मिस्टरांजवळ बोललात का? पत्रावरून वाटतं नाही. एकट्याने मोठा त्याग करायची फार घाई करू नये, रेव्हरंड ना. वा. टिळक केवढे मोठे कवी आणि केवढे मोठे भक्त, पण त्यांच्या हातात पैसा टिकायचा नाही, येईल त्याला देऊन टाकायचे आणि घरात आता काय शिजवायचं हा प्रश्न बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या पदरात. मोठी माणसं होती, निभावून गेली, सगळ्यांना जमत नाही. तुम्ही दोघं एका रविवारी पासबुक घेऊन बसा. घराचा हप्ता किती, गाडीचा किती, किती वर्षं, आणि रविवारच्या कामाचे महिन्याला किती येतात. माझा अंदाज आहे की रविवारचं काम गाडीसाठी चाललंय, घरासाठी नाही. तसं असेल तर गाडीचा उरलेला हप्ता लवकर फेडता येतो का बघा, थोडं सोनं झालंय म्हणता ना, ते कपाटात पडून आहे आणि नवरा रविवारी कामावर, हे गणित मला तरी पटत नाही. मोठ्या गाडीचं नाव ती फिटेपर्यंत घरात काढायचं नाही. मिस्टरांना "तुम्ही चर्चला येत नाही" असं बोलून दाखवू नका, ते तुमच्यासाठीच राबतायत असं त्यांना वाटतंय आणि ते खरं पण आहे. त्यांना म्हणा मला तुम्ही रविवारी बाजूला पाहिजे.

आणि थोडं देत चला. दुप्पट मिळावं म्हणून नाही, परत मिळणार नाही अशा ठिकाणी द्या. तुमच्याच शाळेत एखादी मुलगी असेल जिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, तिचा स्वेटर, तिच्या वह्या, आणि ते साक्षीत सांगू नका. जावेच्या गाडीत पण एकदा बसून या, छान आहे म्हणा, मनापासून म्हणा, जमतं का बघा. सोनं देण्यापेक्षा हे जड जातं.

येत्या गुरुवारच्या प्रार्थनेसाठी जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना फोन लावा, मेसेज टाकू नका, फोन करा, आणि म्हणा फार दिवस झाले, चुकलंच माझं, या. सोफ्याचं प्लॅस्टिक त्याच्या आधी काढा, नाहीतर माणसं बसल्यावर करकर वाजतं आणि प्रार्थनेत पोरं हसतात. सतरंजी टाकून दिली नसेल अशी आशा आहे. चहा सांडेल, हळदीचा हात लागेल, डाग पडेलच. पडला की तुमच्या पोटात गोळा येईल, त्या वेळी काय वाटलं ते रात्री देवाला खरं खरं सांगा, "प्रभू, मला माणसांपेक्षा कापडाचं जास्त वाटलं" असं असेल तर असं. बारा वर्षं घर मागितलंत तेवढ्याच हट्टाने आता त्यालाच मागा.

राहता राहिला मुलीचा फोन. नका देऊ. तुमच्याकडे पैसे असोत-नसोत, दहावीच्या वर्षात तर नकोच, आणि नंतर पण साधा द्या ज्याची काच फुटली तर घरात सुतक पडणार नाही. ती चिडेल, आमच्या वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणेल, सगळ्यांकडे नसतो, तिच्या क्लास टीचरला विचारा. परीक्षा झाली की तिला पंधरा दिवस नवापूरला आजोबांकडे पाठवून द्या, आणि आजोबांना सांगा तिला पेटी शिकवा म्हणून. पहिले दोन दिवस तोंड फुगवेल, मग शिकेल.